डाव्या मुठीचा चाकू

आई, आज तुला त्या चाकूविषयी लिहायचं आहे. आबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि लढाई नुकतीच संपली होती. पूर्वी आबा सांडशी धरायचे आणि तू घण घालायचीस; आता सांडशी तुझ्या हातात आली होती आणि घण माझ्या. लोक बोथट फाळ तापवून, ठोकून शेवटायला आणत, पण नवं काही घडवायचं असलं की दुसऱ्या गावच्या लोहाराकडे जात. अशात वडूजकडचा एक जवान बापाला घेऊन आपल्या भट्टीपुढे येऊन उभा राहिला. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता. "मावशी, एका हातानं उघडंल असा मिटता चाकू पायजे," तो म्हणाला. "घरात लेकरं अंगावर चढत्यात, उघडी सुरी कमरंला नको. आन् रानात साधं दावं कापायचं म्हटलं तरी चाकू दुसऱ्याकडनं उघडून घ्यावा लागतो. कुणी हसत न्हाई. गप उघडून देत्यात. त्येच मनाला लय लागतं." बापानं त्याचा खांदा ओढला. "आरं, ही बाईमाणसाची कामं न्हवंत. चल, कराडला बघू." तू ऐरणीवरून मान वर न करता म्हणालीस, "कराडला जावा की. पर आदी त्याचा हात हिकडं द्या." आणि भिजवलेल्या काळ्या मातीचा गोळा त्याच्या डाव्या मुठीत ठेवलास. "दाब, बैलाचा कासरा धरल्यागत." त्यानं दाबला. त्याची चारी बोटं आणि अंगठा त्या मातीत जसेच्या तसे उमटले. बापानं त्याचा खांदा सोडला. कराडलाही गेला नाही.

मोटारीच्या मोडक्या पाट्याचं पोलाद तू पात्यासाठी निवडलंस. मी घण घालत होते आणि तू नुसत्या मानेनं सांगत होतीस, इथं, आता इथं, आता हलका. पातं झालं, त्याला पाणी दिलं, अंगठ्याला अडकावी म्हणून बुडाशी बारीक खुंटी बसवली. खरी परीक्षा होती ती मुठीच्या पाठीत बसून पातं दाबून धरणाऱ्या कमानीची. चाकू हाती धरून बघायची वेळ आली तेव्हा तू मला म्हणालीस, "माझा उजवा हात पाठीमागं बांध." मी हसले, तू हसली नाहीस. पहिली कमान इतकी कडक झाली की तुझा अंगठा सोलला तरी पातं हलेना. दुसरी मऊ झाली. पातं झटक्यात उघडलं, पण लाकूड तासताना तसंच मिटलं आणि तुझ्या बोटावर बसलं. चिंधी बांधताना मी म्हणाले, "आये, ऱ्हाऊ दे आता. जाऊ दे त्याला कराडला." तुझा आवाज चढला नाही. "हाय तो बी हात कापला तर त्यानं काय करायचं? आन् न्हाई दिला तर म्हणत्याल, बाईला जमलं न्हाई. दोन्ही न्हाई चालायचं." मग तू कडक कमानच परत बसवलीस, तिच्याशी भांडणं सोडलंस आणि पात्याचं बूड कानशीला घेतलंस. पातं फिरताना ज्या कोपऱ्यावर कमान अडत होती तो कोपरा गोल केलास. पूर्ण उघडल्यावर ती जिथं टेकते ती जागा मात्र सपाट ठेवलीस. घासायचं, बसवायचं, उघडायचं, पुन्हा काढायचं. एका दुपारी तुझ्या अंगठ्यानं पातं उघडलं, 'टक्' करून पक्कं बसलं आणि आपण दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

मूठ म्हशीच्या शिंगाची केलीस, त्या वाळल्या मातीच्या गोळ्याशी ताडून ताडून. तो जवान आला. त्यानं चाकू मुठीत घेतला, अंगठा सरकवला, टक्. पात्याची पाठ मांडीवर टेकवून मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. मग दारातल्या आपल्या शेळीचं दावं खुंट्यापाशी सर्रकन कापलं आणि वर म्हणतो, "मावशी, शेळी धरा!" शेळीमागं धावताना त्याचा बाप हसत होता की रडत होता, मला अजून सांगता येत नाही.

पुढे माझं लग्न ठरवायला सांगलीहून माझे सासरे आले, तेव्हा एव्हाना घरच्यासारखा झालेला तो जवान पाहुण्यांसाठी ऊस तासत बसला होता. सासरे जातिवंत लोहार. त्यांनी चाकू मागून घेतला, उन्हाकडे धरून पातं आणि कमान यांच्यातली फट शोधली. फट नव्हती. "कुठल्या कारागिराचं काम म्हनायचं हे?" जवान म्हणाला, "तुमच्या व्हनाऱ्या इहीणबाईंचं." सासरे उठले ते थेट चुलीपाशी. "आवं, ह्यो कोपरा गोल कसा काढला, जरा मला दावा." तू लाटणं हातात तसंच धरून त्यांना समजावत राहिलीस आणि तव्यावरची पोळी करपून गेली. बायका कुजबुजल्या. मी मात्र ताठ उभी होते. इतकी ताठ मी नंतर माझ्या लेकीच्या लग्नातही उभी राहिले नाही.

हे पत्र कुठं जाणार नाही, मला ठाऊक आहे. आणि तू असतीस तरी तुला अक्षर येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं. तुझं कौतुक तुझ्या तोंडावर करायचं म्हटलं की मी भलतंच काही बोलून उठून जायचे, म्हणून तर लिहिलं.