पहिली दाढी

तीर्थरूप बाबा,
पाया पडतो.

तब्येत ठणठणीत आहे, जेवणाची आबाळ नाही. आईचे गुडघे कसे आहेत?

घर सोडलं तेव्हा मी तुमची थोरली लेक होतो. आतून मुलगाच आहे, हे सांगायची छाती झाली नाही. इथे सगळ्यांना सांगितलंय. छापखान्यात मला दादा म्हणतात. डॉक्टरांच्या औषधाने आवाज फुटलाय, दाढीही आलीय. विरळच आहे, हसू नका.

लहानपणी तुमच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गालावरचा फेस बघत बसायचो. "पोरीचं इथे काय काम?" म्हणून तुम्ही मला घरात पिटाळायचात. या दाढीला अजून कुणाचा वस्तरा लागू दिलेला नाही.

रविवारी येतोय. मागच्या दाराने नाही. ऐन गर्दीत दुकानाच्या बाकावर नंबर लावून बसेन. लोक बघतील, तर बघू देत. तुम्ही काही बोलू नका. माझा नंबर आला की इतरांसाठी झटकता तशी खुर्ची झटका, एवढंच. नाही झटकलीत, तर पुढच्याला जागा देऊन निघेन.

हल्ली तुमचा हात थरथरतो, असं धाकटी म्हणाली. थरथरू दे, बाबा. मी हलणार नाही.

तुमचा,
थोरला