नारळाचा डोस

...आत्ताच पुन्हा करडाच्या पोटावर हात ठेवून आलो, अंगददाजी. पोट गरम आहे. म्हणजे बरं की वाईट, मला कळत नाही. मी सुंदरबाईंच्या ओसरीवर बसलोय. फोन केला असता, पण त्या तीन हातांवर आहेत आणि मला जे सांगायचंय ते त्यांनी ऐकू नये, म्हणून कागद. नमस्कार राहिला, तो करतो. तुमची पाठ कशी आहे? उज्ज्वलाताई ठीक ना?

चकलांब्यात आज शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं होतं. औषध वजनावर द्यायचं, म्हणून वजनकाटा वायरने लॅपटॉपच्या सिरीयल पोर्टला जोडला. प्रोग्राम तुम्ही शिकवला तसाच लिहिला: काट्याला सारखं विचारत बसायचं नाही, आकडा आला की तोच हाक मारतो. प्रोग्रामातला एक गडी, म्हणजे थ्रेड, त्या हाकेची वाट बघतो आणि आकडा रांगेत ठेवतो. मी बटण दाबलं की दुसरा थ्रेड रांगेतला पहिला आकडा उचलून डोस दाखवतो. वजन दाखवत नाही. (आश्रुबांची अट. गावातले सगळ्यांत जुने धनगर ते. जनावराचं वजन चारचौघांत कळलं तर दृष्ट लागते म्हणाले. मला वाटलं, यात काय बिघडतंय?)

मग आश्रुबांनी काट्यावर नारळ ठेवला. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तो हा लाभ. काट्याने हाक मारली, थ्रेडने नारळाचं वजन इमानदारीत रांगेत ठेवलं. मी बटण दाबलं नाही, कारण नारळाला जंत नसतात. (घरी दहादा तपासलं होतं, दाजी. दहाही वेळा बरोबर आलं. घरी मी लाभ केला नव्हता.)

पुढे म्हाळूचा बोकड आला. त्याला नारळाचा डोस निघाला, तीन-चार थेंब. म्हाळू म्हणाला, "एवढ्यानं ह्येच्या मिशाबी वल्या व्हायच्या न्हाईत बे." मी म्हणालो, कॉम्प्युटरचा आकडा आहे. नंतर सुंदरबाईंचं करडू. त्यांच्याकडे एवढं एकच जनावर आहे, याची आई पोळ्याच्या दिवशी मेली. त्याला बोकडाचा डोस निघाला. बाई खूश झाल्या, गरिबाला कुणीतरी सढळ हातानं दिलं म्हणून. मीच पाजलं, दाजी. शेवटचा घोट ते घेत नव्हतं, तर मी जबडा धरला. तिसऱ्या वेळी आश्रुबांच्या थोराड शेळीला करडाचा डोस आला, तेव्हा मी रांग उघडून पाहिली: नारळामुळे प्रत्येकाला आधीच्याचा डोस जात होता.

डॉक्टर फोनवर म्हणाले, सकाळपर्यंत बघा. हगवण लागली किंवा मान टाकली तर घेऊन या. सुंदरबाईंना मी एवढंच सांगितलं की औषध जरा जास्त गेलंय. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला. मी दर दोन मिनिटांनी उठून करडाची मान उचलून बघतो. शेवटी त्या म्हणाल्या, "आरं लेकरा, सारकं कावून उचकतोस त्येला? निजू दे. कायी झालं तर वरडंल की त्ये." तुम्हीही मला हेच शिकवलं होतं. प्रोग्रामात जमलं.

तुमचा,
प्रविण

ता. क. आश्रुबांचा फोन आला तर दचकू नका. प्रोग्राम तुमचा आहे असं मी गावात सांगितलंय. सकाळी, सगळं चांगलं चाललं होतं तेव्हा, मानानं सांगितलं होतं. आता मागे घेता येत नाही. ताईला मात्र खरं सांगा.

ता. क. दुसरा. सकाळी सहाला करडू ओरडलं. भूक लागली होती. बाटलीभर दूध प्यालं. म्हाळूच्या बोकडाला त्याच्या डोसातलं राहिलेलं औषध पाजलं. रांग रिकामी करून घेतली. आश्रुबांनी नारळ पुन्हा काट्यावर ठेवला, मी बटण दाबलं.