साडूंच्या जाडजूड बटणांबाबत हरकत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : नोंदणी यंत्रांसाठी साडूंच्या पडद्याची निवड होऊ घातल्याबाबत तीव्र हरकत.
संदर्भ : बाह्यरुग्ण विभागाच्या दारातील दोन यंत्रांची पंधरा दिवसांची चाचणी.

महोदया,

१. अर्जदार या रुग्णालयाच्या संगणक कक्षात नऊ वर्षे आहे. नोंदणी यंत्राच्या पडद्यावर कोणते बटण कुठे, केवढे आणि कोणत्या रंगाचे असावे, हे रेखाटणे त्याचे काम. त्याच कक्षात त्याचे साडू, म्हणजे पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, हेच काम करतात. दारातले डावे यंत्र अर्जदाराच्या पडद्याचे, उजवे साडूंच्या. शुक्रवारी आपण यांतला एक पडदा सर्व बारा यंत्रांसाठी निवडणार आहात आणि तो साडूंचा असणार, अशी कुजबुज आहे. ती ऐकून अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला, हे तो आपल्यापासून लपवू इच्छित नाही.

२. साडूंच्या पडद्यावर आहे काय, तर तीन बटणे! जाडजूड, उठावदार कडांची, खाली सावली असलेली, बोट ठेवताच आत दबल्यासारखी दिसणारी. 'तातडीचा रुग्ण' हे तर वीतभर रुंद आणि लालभडक. दुकानाच्या पाटीला शोभेल असे हे काम आहे. उलट अर्जदाराच्या पडद्यावर राखाडी पार्श्वभूमी, त्यावर किंचित गडद राखाडी बारीक अक्षरे, कुठेही कड नाही की सावली नाही. आजारी माणसाच्या डोळ्यांना आराम मिळावा, हा हेतू.

३. अर्जदाराच्या पडद्यावर एकच अलंकार आहे : वरच्या बाजूचे रुग्णालयाचे गोल, चकचकीत, उठावाचे बोधचिन्ह. यंत्रातील नोंदीनुसार चाचणीच्या पहिल्याच दिवशी दोनशे बारा लोकांनी बटण समजून ते बोधचिन्हच दाबले. आपण नेमलेल्या चाचणी समितीने याला दोष ठरवले. संस्थेच्या चिन्हाला लोकांनी इतक्या आपुलकीने हात लावावा, यात दोष कसला, हे अर्जदारास उमगले नाही.

४. जन्मवर्ष निवडण्यासाठी अर्जदाराने फिरते चक्र दिले आहे; ते चालू वर्षापासून मागे जाते. साडूंनी नुसते आकडे मांडले आहेत, टेलिफोनवर असतात तसे. उभयतांच्या सासूबाई गुडघे दाखवायला आल्या असता आधी अर्जदाराच्या यंत्रापुढे उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर. चक्र फिरवता फिरवता निम्म्यावर बोट निसटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे तीनदा झाल्यावर त्या उजवीकडे गेल्या आणि चार आकडे दाबून चिठ्ठी घेऊन मोकळ्या झाल्या. तेही अर्जदाराने गिळले असते. परंतु रविवारी जेवायला दोन्ही जावई शेजारी बसलेले असताना सासूबाईंनी जाहीर केले, की धाकट्या जावयांच्या यंत्रात आपला अजून जन्मच झालेला नाही. सगळे पोट धरधरून हसले. अर्जदाराची पत्नी सर्वांत जास्त हसली, आणि भाऊजींना माणसे कशी बरोबर कळतात, हे तिने घरी परतेपर्यंत दोनदा सांगितले. साडू मात्र हसले नाहीत. चक्राचीही एक मजा असते, असे म्हणून त्यांनी अर्जदाराची बाजू घेतली. नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तेव्हा.

५. सबब, चाचणी आणखी सहा महिने वाढवावी, समितीवर सौंदर्यदृष्टी असलेली माणसे घ्यावीत आणि तोवर साडूंना औषध भांडारात पाठवावे, ही विनंती.

येथपर्यंतचा मजकूर सोमवारचा आहे. पुढचा बुधवारी लिहीत आहे. कोरा कागद घेतला असता, तर वरचे सगळे गाळण्याचा मोह झाला असता, म्हणून त्याच कागदावर लिहीत आहे.

६. काल दुपारी अर्जदाराच्या आठ वर्षांच्या मुलीला शाळेत धाप लागली. अर्जदार तिला उचलून रुग्णालयात धावत आला. ओठ निळसर पडले होते, बोलता येत नव्हते. डाव्या यंत्रापुढे कोणी नव्हते. तिथे सहसा कोणी नसतेच. उजवीकडे पाच-सहा जण उभे होते. अर्जदार उजवीकडे गेला. विचार केला नाही, डावीकडे पाहिलेदेखील नाही. लोकांनी मुलीकडे बघून वाट दिली. अर्जदाराने लाल बटणावर अख्खा पंजा मारला आणि चिठ्ठी बाहेर येण्याआधीच आतून परिचारिका आली.

७. मुलगी आता बरी आहे. तिच्या खाटेशेजारी बसल्यावर अर्जदाराच्या ध्यानात आले, की आपल्या पडद्यावर 'तातडी' हा शब्द खालच्या कोपऱ्यात, राखाडीवर राखाडी आहे. लाल रंग भडक दिसतो म्हणून तो आपण स्वतः काढला होता. साडू धापा टाकत आले, तिच्या उशाशी बसले. त्यांना पाहून आजही अर्जदाराच्या पोटात दुखले. ते बहुधा जन्मभर दुखेल. त्यावर आपल्याकडे इलाज नसावा.

८. तरी परिच्छेद पाच रद्द समजावा. मात्र शुक्रवारची वाट पाहू नये. अर्जदाराचा पडदा आज, हा कागद वाचून होताच, बंद करावा. ते यंत्र नेहमी रिकामे असते. पोर कडेवर घेऊन धावत आलेला एखादा नवखा बाप रिकामे बघून तिकडेच जाईल.

आपल्या आज्ञेची वाट न पाहता यंत्राची तार काढून ठेवलेला,

आपला नम्र,
(सही)
पडदा रेखाटनकार, संगणक कक्ष
दिनांक : बुधवार, सकाळी साडेनऊ

सोबत :
१) दोन्ही पडद्यांची छापील चित्रे
२) डाव्या यंत्राच्या तारेचे टोक