मोठ्या आवाजातले तराणे

अहो,

स्वरालीला घेऊन वारज्याला दादाकडे जातेय. माझा दात तुटलाय. आधी तो डॉक्टरांना दाखवते, मग पोलीस चौकीत जाते. आमटी गॅसवर आहे.

तुमच्या रेकॉर्डी आज मी निवडल्या. हात उचलण्याआधी तुम्ही मोठ्या आवाजात लावायचात, ते द्रुत तराणे सगळे बत्त्याने फोडले. तुकडे हॉलभर आहेत, अनवाणी फिरू नका. खालच्या साठेकाकू परवाच मला म्हणाल्या, यज्ञेश्वररावांना गाण्याची काय जाण आहे हो.

संथ आलापांची एक तेवढी ठेवलीय. ती तुम्ही कधीच लावली नाहीत. तिच्यातून माझं ओरडणं काकूंपर्यंत पोचलं असतं.

हेमा