रुपयात बारा आणे गुण

२ सप्टेंबर १९९६, सोमवार
आजपासून चहा बंद. आरोग्य केंद्राच्या गुणवत्ता सुधारणा उपक्रमावर मदतनीस म्हणून लागलो. महिना सहाशे. डॉक्टरसाहेब म्हणाले, दोन आठवडे पाहणी कर. खर्चाच्या मानानं लाभ दिसला तर उपक्रम पुढे चालेल. म्हणजे मी कायम. घरी तसं सांगून टाकलं. फळ्यावर शिपाई कडूबानं 'गुणवता' लिहिलं होतं. दुसरा त घातला.

३ सप्टेंबर
नवा बाक, गाळलेलं पाणी, नंबराचे बिल्ले. या सोयींना रुग्णांनी दहापैकी गुण द्यायचे. गोजरबाईंना विचारलं, किती गुण? गुडघा चोळत म्हणाल्या, रुपयात बारा आणे हाय बाप्पा, बाकीचं सुई टोचल्यावर बघू. मागच्या बाई म्हणाल्या, मला तर बिलकुल गुण न्हाई, उलट खाज सुटली.
चहा एक. डोकं दुखत होतं.

५ सप्टेंबर, सकाळी ११
सगळे आण्यातच सांगतात. कडूबा म्हणतो, अरे येड्या, ते दुखण्याचं सांगून राह्यले अन् तू बाकाचं विचारून राह्यला. त्याला पाहणीतलं काय कळतं? सातवी. मी बारावी, फक्त इंग्रजी राहिलंय.

९ सप्टेंबर
मार्ग सापडला! 'लाभ' हा रकाना रुपयांतच भरायचा आहे. बारा आणे म्हणजे पंचाहत्तर पैसे. सरासरीही तेवढीच.
चहा दोन. आनंदाचे.

१६ सप्टेंबर
मानधन सहाशे. बाक, पाणी, बिल्ले मिळून महिना एकशे वीस. रुग्ण चारशे. माणशी खर्च एक रुपया ऐंशी पैसे. लाभ पंचाहत्तर पैसे. तोटा! आकडा बदलू का? नको. कायम होणाऱ्यानं खोटं लिहू नये. साहेबांच्या सोयीसाठी सर्वांत मोठ्या खर्चाखाली लाल रेघ मारली, फूटपट्टीनं. बेबीनंदा सिस्टर म्हणाल्या, बाबा, कशाखाली रेघ मारली ते वाच तरी एकदा. सांगितलं, शुद्धलेखन तीनदा तपासलंय.
चहा पाच.

३० सप्टेंबर
जिल्ह्याचं पत्र आलं. अहवाल सुवाच्य, निर्दोष. उपक्रम चालू राहील. लाल रेघेवरचा खर्च उद्यापासून बंद.
कडूबानं न विचारता चहा आणला.
मला वगळलं की खर्च माणशी तीस पैसे. म्हणजे उपक्रम माणशी पंचेचाळीस पैसे फायद्यात. दोनदा करून पाहिलं. बराबर येतं.