झाकणाचा आवाज

वडसा, मंगळवार, रात्र

प्रज्ञाचा रिपोर्ट आला. शुगर नाही! दवाखान्याच्या पायरीवरच बसून राहिलो.

महिनाभर मुरमुऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं की छातीत धस्स व्हायचं. पोरगी भात खाऊन उठली की परत झाकण. वजन वाढलेलं, मान काळी पडलेली. दहावीतली पोर, आणि मला सारखा माझ्या आईचा शुगरपायी कापलेला पाय दिसायचा.

डॉक्टरबाईंनी विचारलं, झोपते किती? मी ऐटीत सांगितलं, पहाटे मीच उठवतो अभ्यासाला. मी तसाच शिकलो, म्हणून तर नोकरी लागली.

बाई हसल्या. "भाऊ, काऊन उठवता तिले? झोप कमी पडली का भुकेचं हार्मोन वाढते, पोट भरल्याचं कमी होते. पोरगी हावरी नाई, झोपेची उपाशी हाय. मान काळी पडणं हा इशारा हाय, पण वेळ गेली नाई. झोपू द्या, खेळू द्या, भात थोडा कमी करा."

येताना प्रज्ञा गाडीवर मागून म्हणाली, "बाबा, उद्या नाई उठवणार ना?" रिपोर्टबद्दल एक अक्षरही नाही!

घरी आल्याबरोबर गजर बंद केला. प्रज्ञा जेवली आणि दिवेलागणीलाच झोपली. मी सकाळपासून उपाशी आहे, हे मला तेव्हा कळलं. डबा काढून मूठभर मुरमुरे तोंडात टाकले, तर झाकण हातातून सुटून फरशीवर खणकन पडलं.

पोरगी हललीसुद्धा नाही.