संरचना क्रमांक सात आणि जागेश्वरचा धुरा

३ नोव्हेंबर १९७९, दुपारी ४.१०
नेमक्या या मिनिटाला, आंधळगावच्या वाचनालयातल्या प्रदर्शनात, करडीच्या जागेश्वरने माझ्या ‘संरचना क्र. ७’वर बोट टेकवले. "बाई, हा तं माहा धुरा होय!" धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. मी सांगितले, हे शेत नव्हे. हिरव्या-पिवळ्याचा संघर्ष आहे. तांबडी रेघ केवळ तोलासाठी.
"संघर्ष बरोबर हाय. बाजूच्या वावरातल्या इश्वरसंग तीन वर्सांपासून चालू हाय. त्यानं धुराच नांगरला."
लोक हसले. निश्चय: यापुढे कोणाला काही समजावणार नाही.

५ नोव्हेंबर
भिंतीवर फक्त खिळा. वाचनालयाचे सेक्रेटरी भय्याजींनी चित्र पंचांकडे पाठवले. पुरावा म्हणून! वर म्हणतात, "म्याडम, कायले रागावता? इतक्या चित्रांत तुमचंच तं कोणी मागतलं."
चौतीस वर्षे शाळेत ड्रॉइंग शिकवले. आता कुठे स्वतःचे काम. निसर्ग मी केव्हाच मागे टाकला आहे.

६ नोव्हेंबर
स्टिल लाइफ. जांभळा गोल, आत काळी पोकळी. विषय: शून्य. भांडी घासता घासता रुखमा म्हणाली, "किडकं वांगं काहून काढलं जी? चांगलं आणून देलं असतं."
वांगे किडके होते, हा योगायोग.

९ नोव्हेंबर
पंचांनी विचारले, पाहून काढले की मनाने? ठणकावून सांगितले, मनाने. तीन वर्षांपूर्वी मी जागेश्वरच्या शेतात तीन दिवस बसले होते, ते सावलीसाठी. इश्वरने खूश होऊन मला हात जोडले. जागेश्वर म्हणाला, "मंग खणूनच पाहू."
चित्रातला काळा ठिपका म्हणजे मौन. पंचांनी त्याला शेतातले मोहाचे झाड ठरवले आणि मौनापासून तांबड्या रेघेच्या दिशेने अकरा पावले मोजली. सब्बल, म्हणजे पहार, दगडावर वाजली. हद्दीचा दगड, भोवती तांबडा मुरूम.
जागेश्वर रडला. मग म्हणाला, "बाई, आता माह्या विहिरीचंबी काढून ठेवजा."

१० नोव्हेंबर, सकाळी ९
चित्र पंचांच्या पेटीत, सातबाऱ्यांच्या खाली. भय्याजींना पत्र टाकले. मजकूर इथे उतरवते:
‘संरचना क्र. ७’ हे चित्र आहे की नकाशा, हे वाचनालयाने १७ नोव्हेंबर, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. तोंडी उत्तर चालणार नाही. नकाशा वाटत असल्यास तसे लिहावे. पण लिहावे.